'असून' आणि 'शाब्बास'

27 फेब्रुवारी 2025. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यानंतरचा हा पहिलाच मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे दरवर्षीपेक्षा उत्साह जरा जास्तच होता. आमच्या सातपूर परिसरातल्या एका शाळेत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. मी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून आठवीची एक मुलगी घेऊन गेलो होतो. विषय होता 'कुसुमाग्रज आणि नाशिक'. पोरगी बोलली छान. 'कणा' कवितेतला तो जुना विद्यार्थी सरांकडे पैसे मागत नाही, पाठीवर हात मागतो, यावर तिने स्वतःच्या मनाचं असं काही सांगितलं की माझ्याच अंगावर काटा आला. ते मी शिकवलेलं नव्हतं.

तिला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना पाहुण्यांनी माईक हातात घेतला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास बेटा! मुस्लिम असून किती छान मराठी बोलतेस! कमाल आहे!" सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं महाराष्ट्रात काढलेल्या मराठी मुसलमानाला या वाक्याची इतकी सवय झालेली असते की हात आपोआप टाळी वाजवतात.

परत येताना त्र्यंबक रोडला रिक्षात बसलो, तेव्हा ती म्हणाली, "सर, त्यांनी 'असून' कशाला म्हटलं?"

मी मराठीही शिकवतो, म्हणून आधी व्याकरणच सुचलं. 'पाऊस असून तो आला.' 'एवढा श्रीमंत असून साधा राहतो.' एका गोष्टीमुळे दुसरी होणार नाही असं आपण धरून चाललेलो असतो, आणि ती होते, तेव्हा मराठीत 'असून' येतं. हे मी वर्गात फळ्यावर लिहून सहज सांगितलं असतं. रिक्षात, तिच्या हातात ती ढाल असताना, नाही सांगता आलं. मी म्हटलं, "त्यांना कौतुक करायचं होतं, बेटा." ती गप्प बसली. ढालीवरच्या प्लॅस्टिकचं टोक नखाने उचकटत राहिली.

पाहुण्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी मनापासून सांगतो. तसं असतं तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. रात्री पडल्यावर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं आणि मग एक गंमत लक्षात आली. 'मुस्लिम असून मराठी' म्हणणाऱ्या त्या वाक्याची सुरुवातच फारसी शब्दाने झाली होती आणि शेवट अरबी शब्दाने. शाब्बास फारसी, कमाल अरबी. ज्यासाठी आम्ही गेलो होतो ते बक्षीसही फारसी. आणि त्याच पाहुण्यांनी भाषणात तिला हुशार म्हटलं होतं, तो फारसीतला 'होशियार', म्हणजे जागा, सावध असलेला. आमच्या पोरीचं मराठी चांगलं आहे हे सांगायला मराठीला आमच्या आजोबांच्या पेटीतलेच शब्द काढावे लागले. रमजान तोंडावर आला होता, त्या गडबडीत लिहायचं राहून गेलं. आता लिहितो.

शाब्बास हा शब्द मुळात दोन शब्दांचा आहे. 'शाद' म्हणजे आनंदी आणि 'बाश' म्हणजे अस, राहा. शाद बाश. बोलता बोलता मधला द गळाला आणि शाबाश झालं. उर्दूत आम्ही तसंच म्हणतो. मराठीने शेवटच्या श चा स केला आणि ब वर जोर देऊन त्याला दुहेरी करून टाकलं. मराठीला कौतुक करताना असा जोर लागतोच, बहादूरचं 'बहाद्दर' केलं तसं. हा बहादूर तर फारसीचाही नाही. तो तुर्क-मंगोलांच्या माळावरून फारसीत आला आणि फारसीतून इकडे. तेव्हा कुस्तीच्या फडात कोणी 'शाब्बास रे बहाद्दरा' ओरडतो, तेव्हा 'रे' तेवढा आपला असतो.

पण मला थांबवलं ते अर्थाने. शाद बाश म्हणजे 'छान केलंस' नाही. त्यात केलेल्या कामाचा उल्लेखच नाही. त्याचा अर्थ आहे 'सुखी राहा'. म्हणजे हा शेरा नाही, दुवा आहे. आमच्या दादीला निकाल सांगितला की ती मार्क विचारायची नाही. दोन्ही हात आमच्या तोंडावरून फिरवायची, स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची आणि म्हणायची, जीते रहो, ख़ुश रहो. शेजारच्या मराठी आजीही नातवाची आला-बला घेताना तशीच बोटं मोडायची आणि 'औक्षवंत हो, सुखी राहा' म्हणायची. दोघींनाही फारसी येत नव्हती, पण शाब्बासचा खरा अर्थ त्या दोघी रोज बोलत होत्या. कौतुक म्हणजे समोरच्याचं भलं चिंतणं, ही समजूत जुनी आहे. गुण देणं त्यात नंतर आलं असावं.

गंमत म्हणजे ज्या इराणातून हा शब्द आला तिथे आता कौतुकाला 'आफरीन' म्हणतात. 'शाबाश' तिथे शिल्लक आहे तो लग्नात. नाचणाऱ्यांवर, नवरा-नवरीवर जे पैसे उधळतात, त्यांना इराणी लोक शाबाश म्हणतात. आपल्याकडे तमाशात लावणीवर जी दौलतजादा होते, तिचाच हा चुलतभाऊ समजा. शब्द आमच्याकडे आला आणि पाठीवरची थाप झाला, तिकडे राहिला आणि नोटा झाला.

तो किती लांब पसरला होता याचा एक साक्षीदार आहे. फ्रांस्वा पिरार नावाचा फ्रेंच खलाशी. 1602 मध्ये त्याचं जहाज मालदीव बेटांजवळ फुटलं आणि तो पाच वर्षं तिथेच अडकला. पुढे कालिकत, कोचीन करत गोव्याला पोहोचला आणि 1611 मध्ये घरी परतला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की मालदीवचा राजा त्याला एक शब्द म्हणाला, जो सगळ्या हिंदुस्थानात चालतो. मोठा आभार मानायलाही तो वापरतात आणि कोणी चांगलं काम केलं तर त्याची वाखाणणी करायलाही. पिरारने तो फ्रेंच कानाने ऐकून 'सबात्झ' असा काहीतरी लिहिला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी समुद्रातल्या बेटावर, जिथे ना मराठी होती ना इराण जवळ होता, तिथे हा शब्द नांदत होता. तमिळमध्ये तो आजही 'सबाश' आहे. 1958 साली शिवाजी गणेशन यांचा 'सबाश मीना' नावाचा तमिळ सिनेमा आला होता. तेलुगूत 'शभाष' म्हणतात. ज्या भाषांना उर्दूशी देणंघेणं नाही असं आपण समजतो, त्यांनीही हा एक शब्द मागून घेतला आणि परत केला नाही.

इंग्रजांना तो इतका ऐकू येई की 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याला जागा मिळाली. कोशकार यूल साहेबांनी त्याचा इंग्रजी अर्थ दिला 'वेल डन', 'ब्राव्हो', पण व्युत्पत्तीत घसरले. त्यांना वाटलं हा 'शाह बाश' आहे, म्हणजे 'राजा हो'. 1903 च्या आवृत्तीत क्रूक यांनी कंसात दुरुस्ती केली, की हा शाद बाश असावा. मला यूल साहेबांची चूकही आवडते. साहेबाला कौतुक म्हटलं की गादी आठवली. मूळ शब्दाला फक्त आनंद हवा होता.

आता ब्राव्होचं बघा. माझा धाकटा इंग्रजी माध्यमात जातो (उर्दूचा मास्तर आणि मुलगा इंग्रजी माध्यमात, यावर टोमणे मारणाऱ्यांनी माझ्या बायकोशी बोलावं). त्याच्या वहीत बाई रबरी शिक्का मारतात. अंगठा वर केलेलं अस्वल आणि खाली 'ब्राव्हो'. त्याने मला विचारलं याचा अर्थ काय, म्हणून मी शोधायला गेलो आणि हाती भलतंच लागलं.

ब्राव्हो इटालियन. इटलीत संगीत नाटक, ऑपेरा, रंगला की प्रेक्षक ओरडत. गाणारा पुरुष असेल तर ब्राव्हो, बाई असेल तर ब्राव्हा, अनेक असतील तर ब्राव्ही. अठराव्या शतकात ऑपेराबरोबर हा शब्द इंग्लंडात गेला आणि तिथे त्याचं लिंग-वचन गळून सगळ्यांना एकच ब्राव्हो झाला. पण त्याच्या आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजीत हाच शब्द वेगळ्या अर्थाने येऊन बसला होता: पैसे घेऊन खून करणारा, भाडोत्री गुंड. इटलीत जमीनदारांनी पाळलेल्या गुंडांना ब्राव्ही म्हणत. मांझोनी यांच्या प्रसिद्ध इटालियन कादंबरीत एका गरीब जोडप्याचं लग्न मोडायला गावचा जमीनदार पाद्र्याच्या वाटेवर हेच ब्राव्ही उभे करतो. बेडर, रानटी, मग शूर, मग वाहवा असा त्याचा प्रवास. आणि त्याच्याही मुळाशी बऱ्याच कोशकारांच्या मते लॅटिन 'बार्बारस' आहे, जो ग्रीकांकडून आला. ग्रीकांना ज्याची भाषा कळायची नाही, ज्याचं बोलणं नुसतं बर-बर वाटायचं, तो बार्बारस. संस्कृतातला बर्बरही त्याच कुळातला.

म्हणजे परक्या भाषेत बोलणारा, म्हणून रानटी, या शिवीतून आजची शाबासकी निघाली. माझ्या विद्यार्थिनीच्या 'असून'वर याहून चांगलं भाष्य मला सुचलं नसतं. लेकाला मात्र मी एवढंच सांगितलं की ब्राव्हो म्हणजे शाब्बास. तो म्हणाला, "मग शाब्बासच का नाही मारत शिक्का?"

आता इतिहास. आमच्याशी वाद घालणारे एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. मराठी एके काळी फारसीच्या ओझ्याखाली दबली होती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रं घेऊन शब्द मोजले. 1628 च्या पत्रात मराठी शब्द शेकडा 14.4, 1677 च्या पत्रात 62.7 आणि 1728 मध्ये 93.7. शंभर वर्षांत चित्र उलटं झालं. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. स्वतःच्या राज्याची भाषा स्वतःची असावी असं राजाला वाटलं, यात मला कधीच काही गैर दिसलं नाही. मुलांना मी हे अभिमानाने शिकवतो. (पेशव्याचा मुख्य प्रधान केला होता, पण पुढे शंभरएक वर्षं पुण्याची गादी पेशवा याच फारसी नावाने चालली, हेही शिकवतो.)

पण एक बघा. हा कोश कचेरीचा होता. किल्ला, खजिना, हत्यारं, दफ्तर यांचा. बदल झाला तो शाईने लिहिलेल्या शब्दांत. फडात, शेतात, ओट्यावर जे शब्द तोंडातून उडतात त्यांना कोणत्याही कोशाने हात लावला नाही, आणि लावूनही उपयोग झाला नसता. पैलवानाने समोरच्याला चीत केल्यावर कोण कोश उघडून बसणार? हुकूम बदलता येतो, पण तोंडातून निघून गेलेली शाबासकी बदलता येत नाही.

पुढे विसाव्या शतकात पुन्हा शुद्धीचं वारं आलं. आमच्या सातपूरपासून फार लांब नाही त्या भगूरचे सावरकर यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तारखेला दिनांक, मेयरला महापौर, आणि हुतात्मा हे त्यांचेच शब्द. आज ते मीही वापरतो, चांगले आहेत. माधव जूलियनांची गोष्ट आणखी मजेची. ते फारसीचे प्राध्यापक. 1925 साली त्यांनी फार्सी-मराठी कोश केला, मराठीत गझल आणि रुबाई रुजवली, आणि पुढे 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. एका माणसाच्या छातीत दोन्ही मावलं. यू. म. पठाण सरांनी बखरींतल्या फारसीवर संशोधन केलं आणि 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनाही आयुष्यात किती वेळा 'असून' ऐकावं लागलं असेल, मनात येतं.

या सगळ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: इराणी शब्द आले ते मुसलमानांबरोबर. मीही असंच समजत होतो. आमच्या शाळेची सहल पांडवलेण्यांना गेली, तोपर्यंत.

पांडवलेणी आमच्यापासून जवळ, त्रिरश्मी डोंगरावर. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेलेला आहे, नातू गादीवर आहे, आणि आजी भिंतीवर मुलाचं कौतुक कोरून घेते आहे. एका आईची दगडावरची शाब्बासच म्हणा. त्यात ती अभिमानाने सांगते की माझ्या मुलाने शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केला. पह्लव म्हणजे पार्थियन, इराणी. आणि याच नावावरून फारसीत शूर माणसाला 'पहलवान' म्हणू लागले, तोच आपला पैलवान. शेजारच्याच दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. त्याचा सासरा नहपान 'क्षत्रप' होता, आणि क्षत्रप हा इराणी सम्राटांच्या सुभेदाराचा हुद्दा. म्हणजे इस्लामच्या जन्माच्या किती तरी शतकं आधी इराणी शब्द नाशकात येऊन दगडावर बसले होते. तेव्हा आमचे पूर्वज बहुधा याच डोंगराखाली शेती करत असतील आणि त्यांचा धर्म कोणता होता ते त्यांनाच ठाऊक.

शाद या शब्दाचंही तसंच. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दारयवहूच्या, म्हणजे डेरियसच्या, शिलालेखांत म्हटलंय की अहुरमज्दाने पृथ्वी केली, आकाश केलं, माणूस केला आणि माणसासाठी आनंद केला. त्या आनंदाला जो जुना शब्द आहे, त्याचंच पुढचं रूप शाद. शब्दाचा पहिला धर्म पारशांचा निघाला. आणि 'बाश' ज्या क्रियापदाचं रूप आहे ते 'बूदन', म्हणजे असणे. त्याचं आणि संस्कृत 'भू' धातूचं रक्ताचं नातं आहे. संस्कृतची मावशी आमच्याकडे फारसी बनून आली आणि आम्ही तिला पाहुणी समजलो.

या बूदनचं आणखी एक रूप 'बाद', म्हणजे असो. मुबारकबाद, जिंदाबाद. आमचे अब्बा जळगाव जिल्ह्यातून नोकरीसाठी सातपूरला आले आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. मी लहान असताना गेटवरच्या सभेत त्यांच्या खांद्यावर बसून घोषणा ऐकल्यात. एक कामगार ओरडायचा 'इन्किलाब', बाकीचे 'जिंदाबाद'. ही घोषणा 1921 मध्ये मौलाना हसरत मोहानींनी दिली. लगेच दुसरा ओरडायचा 'कामगार एकजुटीचा', बाकीचे 'विजय असो'. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. असो म्हणजेच बाद. दोन्ही घोषणांचं व्याकरण एकच होतं, आणि ओरडणारे गळेही तेच.

अब्बांकडे कंपनीने दिलेली दोन सर्टिफिकेटं आहेत, कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती ते कोणाला दाखवत नाहीत. सांगतात ते वेगळंच. कधीतरी एका जॉबचं माप हजारातल्या भागात बरोबर आलं होतं, तेव्हा फोरमन मायक्रोमीटर खाली ठेवून नुसता 'शाब्बास' म्हणाला होता. फोरमन सिन्नरकडचा मराठा माणूस. 'असून' म्हणाला नव्हता. अब्बा ही गोष्ट सांगताना अजूनही अंगठा आणि तर्जनीत हवेतलं माप धरतात.

'दाद' या शब्दाबद्दलही सांगायलाच हवं, कारण उर्दूच्या माणसाला राहवत नाही. फारसीत दाद म्हणजे न्याय. फिर्यादीच्या जोडीला बसतो तो हाच. मराठीत आपण दाद मागतो, कोर्टात किंवा वरिष्ठांकडे. आणि त्याच मराठीत गायकाला, शायराला दाद देतो. मुशायऱ्यात एखाद्या शेरावर कोणी 'वाह' म्हटलं तर ती नुसती स्तुती नसते, शायराच्या वाट्याचा न्याय त्याला मिळालेला असतो. पूर्ण न्याय. 'परप्रांतीय असून' किंवा 'बाई असून' अशी कात्री न लावता दिलेला. आपल्याकडचे शाहीर सगनभाऊ जेजुरीचे, धंद्याने शिकलगार, धर्माने मुसलमान. पेशवाईच्या अखेरीस त्यांच्या लावण्यांना फडात दाद मिळायची, तेव्हा कोणी जात विचारून टाळी वाजवत नसावं. बार्शीच्या मेहबूब पटेलांचे शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी मैदानं हलवली. शाहीर हा शब्दही अरबी शाइरचाच.

इथपर्यंत लिहून मी खूश होतो. पुरावे सगळे आपल्या बाजूचे. पण मग एक प्रसंग आठवला आणि लेख चार दिवस तसाच पडून राहिला.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाप उत्तर प्रदेशातून आलेला, अंबडला वेल्डिंगचं काम करणारा. मुलाने मराठीच्या पेपरात निबंध सुंदर लिहिला. विषय होता 'माझी आई'. पेपर परत देताना मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "बघा, हा यूपीचा असून याचं मराठी तुमच्यापेक्षा बरं आहे." वर्ग हसला. तो नाही हसला. त्याचा जन्म सातपूरचा, श्रमिकनगरातला. तो यूपीला दोनदाच गेला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी पाहुण्यांच्या जागी उभा होतो, आणि मला ते कळलंही नव्हतं. माझ्याही मनात खोट नव्हती. तो आता एका आयटीआयमध्ये आहे. रस्त्यात भेटला तर सलाम करतो.

मग मी त्या आठवीच्या वर्गात एक काम दिलं. घरी चांगलं काही केलं की मोठी माणसं काय म्हणतात, तो शब्द विचारून आणायचा. आई, नानी, शेजारी, वडिलांचे साहेब, कोणीही. मुलं दुसऱ्या दिवशी जे घेऊन आली ते मी फळ्यावर लिहीत गेलो. माशाअल्लाह, म्हणजे अल्लाहने जे इच्छिलं ते, दृष्ट लागू नये म्हणून. जीते रहो. शाबाश. मालेगावची नानी असलेल्या एकीने आणलं 'सदक़े जाऊँ'. एकाचे वडील कंपनीत क्वालिटीला आहेत, त्यांच्याकडून आलं 'एक नंबर'. लय भारी. मस्त, तो पुन्हा फारसीच, मूळ अर्थ नशेत असलेला. एकाची आई बुद्धविहाराशेजारी राहते, तिथे वंदना संपताना तीनदा 'साधु, साधु, साधु' म्हणतात, ते तो घेऊन आला. पाली भाषेतली ही शाबासकी पांडवलेण्यांपेक्षाही जुनी असेल. एका मुलाने 'ओके' आणलं, कारण त्याचे अब्बा तेवढंच म्हणतात.

शेवटी ती वक्तृत्ववाली मुलगी उठली. म्हणाली, "सर, मी त्या पाहुण्यांचा शब्द आणलाय, पण 'असून' काढून." मी फळ्यावर शाब्बास लिहिलं, मराठीतलं, दोन ब चं. खाली उर्दूत शाद बाश लिहिलं आणि अर्थ सांगितला. मुलांनी दोन्ही लिप्यांत उतरवून घेतलं. मग तिने विचारलं की मुलीला म्हणायचं असेल तर बदलतं का, ब्राव्होचं ब्राव्हा होतं तसं. (ब्राव्होची गोष्ट मी त्यांना आधी सांगितली होती.)

मी म्हटलं, नाही, फारसीत क्रियापदाला लिंग नसतं. मुलगा असो, मुलगी असो, शाद बाशच.

तिने वहीत तेही लिहून घेतलं.